मैदानावरच्या मुलांना त्यांची गोष्ट द्या

शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं तेव्हाची गोष्ट. खो-खोचा सराव आटपून सातवीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. गुडघा सोललेला, गणवेशावर लाल माती. वाचनाच्या तासाला ही पोर कधी रमली नव्हती. आज मात्र स्वतःहून विचारत होती, "बाई, खो-खोचं पुस्तक आहे का?"

मी कपाट उपसलं. हाती लागली ती नियमांची पुस्तिका. खांबाची उंची, पाट्यांमधलं अंतर, गुण मोजायची पद्धत. तिने उभ्या उभ्या पानं उलटली आणि पुस्तिका परत केली. "बाई, ह्यात कुणी खेळतच नाही."

ते वाक्य आजही माझा पिच्छा सोडत नाही. ती वाचायला आली होती आणि आम्ही तिला रिकाम्या हाती पाठवलं.

मुलं वाचत नाहीत, असं आपण येता-जाता म्हणतो. मैदानावर रमणारी मुलं तर वाचायचीच नाहीत, हे गृहीतच धरतो. पण हरण्याची भीती, संघातून वगळलं गेल्याचं दुःख, शेवटच्या चढाईला छातीत होणारी धडधड हे सगळं जी मुलं रोज अनुभवतात, त्यांच्याइतका गोष्टीला आसुसलेला वाचक दुसरा कोण? त्याला त्याची गोष्ट मिळत नाही, एवढीच खरी अडचण आहे.

मराठीला हा विषय कधी परका नव्हता. स्वातंत्र्याच्या आधीच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचं काम हाती घेतलं आणि मराठीत त्याचे तब्बल दहा खंड सिद्ध केले. १९४८ मध्ये पालवणकर विठ्ठल यांचं आत्मचरित्र मराठीत आलं. दलित समाजातून आलेले हे क्रिकेटपटू. थोरले बंधू बाळू यांच्यासारख्या अव्वल गोलंदाजाला जे कर्णधारपद जातीमुळे मिळालं नाही, ते १९२३ मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार होऊन विठ्ठल यांनी मिळवलं. भा. रा. भागवतांच्या कथांमधल्या फास्टर फेणेने सायकल पिटाळत दोन-तीन पिढ्यांना पळायला लावलं. पुढे संदीप पाटील यांच्या संपादनाखाली 'एकच षटकार' हे क्रीडा नियतकालिक निघालं आणि खेळावर चविष्ट मराठीत किती लिहिता येतं, ते दिसलं.

हा वारसा आज किती मुलांच्या हातात आहे? जवळच्या शाळेत जाऊन पाहा. क्रिकेटपटूंची दोन-चार चरित्रं आणि तीच ती नियमपुस्तिका, बहुतेक ठिकाणी कप्पा इथेच संपतो. जुनी पुस्तकं पुन्हा छापली जात नाहीत, नवी फारशी लिहिली जात नाहीत, आणि खेळावरची कुमार कादंबरी मागितली तर दुकानदार विचारात पडतो.

विषयांची वाण म्हणावी, तर तीही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नाहीत, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आपलं घर गहाण ठेवतात. तिथे एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच पुढची. मधली विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी जवळ नाही. तरी हा गडी कांस्यपदक घेऊन येतो आणि गाव बैलगाड्या जुंपून सामोरं जातं. हे सगळं चरित्रांत आहे. पण आखाड्यात घाम गाळणाऱ्या बारा वर्षांच्या पोराच्या नजरेतून ते सांगणारी, एका बैठकीत संपणारी कादंबरी त्याच्या हातात हवी.

किंवा माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. खो-खोपासून सुरुवात केलेली ही मुलगी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आणि १९ जानेवारी २०२५ ला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताने दिल्लीत जिंकला, महिलांचाही आणि पुरुषांचाही. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या पुस्तकाचा नायक, नायिका दोघंही तयार आहेत. लिहिणारा हात तेवढा हवा.

प्रश्न भाषेचाही आहे. दम, लोण, निदानरेषा, हौदा, ढाक, धोबीपछाड, खांबावरचा सूर हे कबड्डी, कुस्ती, खो-खोतले शब्द मैदानावर घडले आणि तोंडातोंडी आपल्यापर्यंत आले. धोबीपछाडीत पाठ कशी लागते, हे गोष्टीत वाचलेलं मूल तो शब्द जन्मभर जपतं. गोष्ट गेली की शब्द नियमपुस्तिकेत उरतात, आणि तिथे कुणी खेळत नाही.

म्हणून हात जोडून काही मागणं आहे.

शिक्षकांनो, खेळाची पुस्तकं कुलपातल्या कपाटातून काढा आणि चेंडू-दोऱ्या ठेवता त्या खोलीत फळीवर मांडा. मुलं तिथे रोज येतात. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनो, करंडकासोबत एक पुस्तक द्या. हरलेल्या संघालाही द्या. आईबाबांनो, उन्हाळी शिबिराची फी भरता, त्याच दिवशी एक पुस्तकही घ्या. माजी खेळाडूंनो आणि वस्तादांनो, तुमच्या आठवणी एखाद्या मुलाला सांगा, त्याला लिहून घेऊ द्या. लेखकांनो, महिनाभर संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसा. कथानक शोधत हिंडावं लागणार नाही. बालदिवाळी अंकांच्या संपादकांनो, दर वर्षी खेळावरची एक कथा आग्रहाने मागवा.

आणि प्रकाशकांनो, जुनी पुस्तकं वाचवा. लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. त्यांना भेटा, परवानगी घ्या, सोप्या प्रस्तावनेसह नवी आवृत्ती काढा. हे अशक्य नाही. बालभारतीने १९७१ पासूनचे 'किशोर' मासिकाचे जुने अंक सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. मनावर घेतलं की काय होतं, ते तिथे दिसतं.

सुरुवात मात्र कुणाची वाट न पाहता करू या. येत्या शनिवारी आपल्या गावातल्या एका शाळेत जा आणि खेळाच्या खोलीत एक पुस्तक ठेवून या. पहिल्या पानावर मुलाचं नाव घालायची गरज नाही. "सरावानंतर वाच" एवढंच लिहा. गुडघा सोललेली कुणीतरी मुलगी ते उघडेल, तेव्हा त्यात कुणीतरी खेळत असलं पाहिजे.