सहल साल्हेरच्या तळ्यापर्यंत न्या

हिवाळा आला की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ती वॉटर पार्कवर येऊन थांबते. माझे म्हणणे असे, की मालेगाव-सटाणा भागातल्या उर्दू शाळांनी आठवी-नववीची मुले एकदा साल्हेर किल्ल्यावर न्यावीत आणि मुलींना घरी ठेवून नव्हे.

बागलाण तालुक्यातला साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात कळसूबाईनंतर याच शिखराचा क्रमांक लागतो. साल्हेरवाडीतून किंवा वाघांबेतून पहाटे निघाले की संध्याकाळपर्यंत खाली येता येते. कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग पठारावर गंगासागर तळे. एवढ्या उंचीवर पाणी कसे टिकते, हा भूगोलाचा प्रश्न मुलांना तिथे आपोआप पडतो. वर्गात तो आम्हाला पाडावा लागतो.

"किल्ल्यांशी आपला काय संबंध?" असे काही पालक विचारतात. संबंध आहे. १६७२ मध्ये इथे मराठे आणि मोगल यांच्यात मोठी लढाई झाली. मोगलांकडून लढताना अमरसिंह चंदावत हा राजपूत सरदार इथेच पडला. तिकडे शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. ही लढाई दोन राज्यांची होती, दोन धर्मांची नव्हे. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा जागेवर उभे राहून लवकर कळते. २०२५ मध्ये युनेस्कोने साल्हेरला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हा वारसा आपल्या मुलांचाही आहे.

दुसरी हरकत नमाजची. पठारावर जोहर पढायला जागा भरपूर आहे. वजूसाठी तळ्यात उतरू नये, पाणी बाटलीत घेऊन बाजूला करावा. साचलेले पाणी घाण करू नका, ही हदीस मुलांना पाठ असते. ती पाळायची जागा ही.

खरी अडचण मुलींची आहे. सातवीनंतर त्यांचे धावणे, खेळणे, बाहेर पडणे बंद होत जाते. काळजी समजते. म्हणून शिक्षिका बरोबर असाव्यात, दोन-तीन मुलींच्या अम्मी याव्यात, गावातला वाटाड्या घ्यावा आणि पावसाळा टाळावा. पण ज्या मुलीला आपण एक दिवस डोंगरावर पाठवत नाही, तिला उद्या शिकायला नाशिकला कसे पाठवणार? ती हिंमत बारावीच्या निकालाबरोबर येत नाही. ती आधीपासून थोडी थोडी जमवावी लागते, पालकांनीही.

येत्या पालकसभेत हा विषय काढा.