आईच्या ताणाचीही विचारपूस हवी

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाच्या मनावर किती आघात झाला, हे कसे ओळखायचे? मूल लहान असेल तर बरीचशी माहिती आईकडूनच घ्यावी लागते. झोप लागते का, अंथरूण ओले होते का, एकटे राहायला घाबरते का, असे प्रश्न तिला विचारले जातात. पण उत्तरे देणारी आई स्वतःच खचलेली असते. तिच्या ताणाचा अंदाज न घेता केलेली मुलाची तपासणी अपुरी राहते.

ताणाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. धास्तावलेल्या आईला मुलाचा साधा हट्टही आघाताचे लक्षण वाटू शकतो. उलट अपराधी भावनेने दबलेली आई ‘आता सगळं ठीक आहे’ असे सांगून मोकळी होते. शिवाय नकोशा आठवणी वारंवार येणे, विशिष्ट जागा किंवा माणसे टाळणे या गोष्टी बाहेरून सहज दिसत नाहीत. आपण बोललो की आई रडते, हे एकदा कळले की मूल गप्प होते. मानसशास्त्राला ही अडचण ठाऊक आहे. जॉन ब्रिअर यांनी ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेली प्रश्नावली पालक भरतात. पालक लक्षणे कमी किंवा वाढवून सांगत आहेत का, हे तपासण्याची सोय त्या प्रश्नावलीतच आहे.

या ताणाची कारणे घराच्या रचनेतही असतात. गिरगावातल्या किंवा लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत पाच माणसे राहतात. मूल रात्री किंचाळून उठले तर मजल्यावर सगळ्यांना कळते. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. अशी व्यक्ती घरातली किंवा शेजारची असेल, तर आईला एकाच वेळी मुलाला सांभाळायचे, नातेवाइकांचे टोमणे ऐकायचे आणि पोलीस ठाणे, रुग्णालय, न्यायालय यांच्या खेपांपायी रोजगारही बुडवायचा असतो.

२०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाचा विचार बारकाईने केला आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, पोलिसांनी गणवेशात यायचे नाही, वैद्यकीय तपासणी पालक किंवा विश्वासातल्या व्यक्तीसमोर करायची. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलाला तपास आणि खटल्याच्या काळात सोबत करणारी व्यक्ती देऊ शकते. राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आर्थिक मदत देते. मात्र आईच्या मनाची विचारपूस हा या साखळीचा ठरलेला भाग झालेला नाही.

यात एक धोका आहे. ‘आईच तणावात आहे, म्हणजे तिचे म्हणणे अतिरंजित’ असा अर्थ कुणी काढेल, बचाव पक्षही काढेल. म्हणून ही विचारपूस उपचारासाठीच असावी. आईच्या ताणामुळे मुलाचे म्हणणे खोटे ठरत नाही. तसेच मूल शांत दिसते, म्हणून अत्याचार झालाच नाही असेही नाही.

उपाय फार खर्चिक नाही. मुलाशी एकट्याने, त्याच्या वयाला साजेशा पद्धतीने बोलावे. आईशी वेगळ्या खोलीत, त्याच दिवशी बोलावे. तिची झोप, भूक, आधार देणारे माणूस आणि घरी परतणे सुरक्षित आहे का, हे विचारावे. गरज असेल तर तिचेही उपचार तिथेच सुरू करावेत. परळमध्ये केईएम आणि वाडिया बाल रुग्णालय एकाच आचार्य दोंदे मार्गावर आहेत. मोठ्यांचे आणि मुलांचे डॉक्टर इतके जवळ असलेल्या शहरात हे अशक्य नाही. आघातग्रस्त मुलांसाठीच्या प्रभावी मानल्या जाणाऱ्या उपचारातही पालकांची सत्रे असतातच.

मुलाला मदत हवी असल्यास १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. दुसरा क्रमांक आईसाठीही आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवे. मुलाला रात्री जवळ घेणारे माणूस सावरले, तरच मूल सावरण्याची शक्यता वाढते.