गढूळ पाण्याचा अर्ज कोणाच्या नावाने?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक नळाला गढूळ, वास मारणारे पाणी येऊ लागले. आठवडाभरात चार घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. अर्ज घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितले, पाणी दुसरे खाते देते. दुसरीकडे म्हणाले, आमचे काम टाकीपर्यंतच. तीन दिवस हेलपाटे झाले आणि वस्ती तेच पाणी पीत राहिली.

महाराष्ट्रातल्या शहरांत पाणी देणारा सगळीकडे एकच नसतो. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात पाणीपुरवठा हे बंधनकारक कर्तव्य आहे आणि बहुतेक लहान शहरांत नगरपरिषदच पाणी देते. पण बदलापूर-अंबरनाथला, अमरावतीला ते काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. हद्दीलगत कुठे एमआयडीसीचे पाणी, कुठे ग्रामपंचायतीची जुनी योजना. सोपी खूण पाणीपट्टीच्या बिलाची: बिल ज्याचे, पहिला अर्ज त्याच्याकडे. पण सार्वजनिक नळावर भरणाऱ्यांकडे बिलच नसते! दूषित पाण्याची झळ ज्यांना आधी लागते, त्यांनाच दाद कुठे मागायची हे ठाऊक नाही. चवदार तळे कोणाचे, हा वाद 1937 पर्यंत न्यायालयात चालला. आपला नळ कोणाचा, हे विचारायला आपण कचरतो.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येक टाकीवर आणि सार्वजनिक नळाजवळ पुरवठा करणाऱ्या कार्यालयाचे नाव व तक्रारीचा फोन लिहिलेला फलक असलाच पाहिजे. आजारी लेकरू घरात ठेवून आईबापांनी कार्यालये हुडकत का फिरावे?

तोवर अर्ज दोन्हीकडे द्यावा आणि प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. नळाची जोडणी गटारातून गेली असेल तर ती जागा अर्जात जरूर लिहावी. पाणी बंद झाले की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. वस्तीतले बरेच दुखणे तिथूनच येते. पाण्याची ओटी टेस्ट करून मागावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उरले पाहिजे. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले नाही, तर क्लोरीन उरलेले नाही. अशा वेळी पाणी उकळूनच प्यावे आणि आशाताईंना त्याच दिवशी कळवावे.