पडदा, दंगल आणि आंबेडकरी प्रेक्षक

१३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एक माणूस मेला. पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ठिणगी कशाची होती? ‘द केरला स्टोरी’ या चित्रपटावरून इन्स्टाग्रामवर झालेल्या वादाची. चित्रपट ५ मे ला प्रदर्शित झाला होता. केरळ कुठे, अकोला कुठे! पण आठच दिवसांत पडद्यावरची भीती आमच्या गल्लीत उतरली आणि एका घरातला कमावता माणूस घेऊन गेली.

मित्रांनो, या विषयावर आपल्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, सिनेमा आहे, मनोरंजन आहे, कशाला एवढं डोक्याला लावून घ्यायचं. दुसरी म्हणतात, अशा सिनेमांवर बंदीच घातली पाहिजे. आम्हाला दोन्ही मतं मान्य नाहीत. ज्याच्यामुळे गावात संचारबंदी लागते ते निव्वळ मनोरंजन नसतं. आणि बंदीचं हत्यार या देशात शेवटी कोणाच्या मानेवर चालतं, ते आपण पाहतोच आहोत.

आधी तथ्य पाहू. या चित्रपटाच्या टीझरमध्ये ३२ हजार मुलींचा आकडा होता. प्रकरण कोर्टात गेल्यावर निर्मात्यांनी केरळ उच्च न्यायालयात तो टीझर काढून टाकायची तयारी दाखवली. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयासमोर असं ठरलं की ३२ हजारांच्या आकड्याला अधिकृत आधार नाही, ही सूचना चित्रपटात दाखवायची. तारीख नीट बघा. अकोल्यात माणूस मेला १३ तारखेला, आकड्याला आधार नसल्याची पाटी ठरली १८ तारखेला. तोवर मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात चित्रपट करमुक्त झालेला होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या दिग्दर्शकाला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही जाहीर झाला.

केरळमधून २०१६ मध्ये काही तरुण-तरुणी इस्लामिक स्टेटच्या नादी लागून अफगाणिस्तानात गेले, हे खरं आहे. त्यांच्यावर चित्रपट काढायला कोणाची हरकत असू नये. पण मूठभरांची गोष्ट सांगताना हजारोंचा आकडा चिकटवायचा आणि एका समाजातला प्रत्येक मित्र, प्रत्येक रूममेट, प्रत्येक प्रेमिक हा हेर आहे असं प्रेक्षकाच्या मनात भरवायचं, याला प्रबोधन म्हणत नाहीत.

आता प्रश्न असा, की हा चित्रपट आपल्याला काय सांगतो? तो सांगतो की मुलीला स्वतःची अक्कल नसते. ती कोणाच्याही बोलण्याला भुलते, म्हणून तिच्यावर पहारा पाहिजे. आणि धर्म बदलणं म्हणजे सर्वनाश. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, जातिसंस्थेवरच्या आपल्या निबंधात दाखवून दिलं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि ती तशी लावायची तर स्त्रीला ताब्यात ठेवावं लागतं. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाहाला जात मोडण्याचा खरा उपाय म्हटलं. ज्यांनी हे वाचलं आहे, त्यांनी पडद्यावर ‘आमच्या पोरी वाचवा’ची आरोळी ऐकली की लगेच विचारलं पाहिजे, वाचवणार कोणापासून? आणि आपल्या पोरानं तुमच्या पोरीशी लग्न केलं तर तेव्हा काय करणार?

उत्तर सरकारनंच दिलेलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक समन्वय समिती नेमली. पहिल्या आदेशात ‘आंतरजातीय’ आणि ‘आंतरधर्मीय’ असे दोन्ही शब्द होते! टीका झाली, तेव्हा दोन-चार दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला. शब्द वगळला, पण हेतू तर कागदावर उमटून गेलाच ना? आज मुसलमान पोराच्या नावानं जो पहारा बसवतात, तो उद्या आपल्या पोरांच्या दारात उभा राहतो.

आणि धर्मांतर? ज्या समाजानं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या संख्येनं धर्म बदलला, त्या समाजाच्या तरुणाला धर्मांतराची भीती दाखवणारा सिनेमा पाहून अंगावर काटा येत असेल, तर त्यानं थोडं थांबून आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण काढावी. अकोला-अमरावतीहून किती माणसं पोटाला भाकर बांधून दीक्षाभूमीवर गेली होती! त्यांच्यासाठी धर्म बदलणं ही मुक्ती होती. ज्यांना धर्मांतर हाच गुन्हा वाटतो, त्यांच्या यादीत आपलं नाव आधीपासून आहे.

अशा सिनेमांना इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. म्हणजे उद्याचं असं जग की जिथं जगणं नरक झालेलं आहे. हे फक्त एकाच बाजूचे लोक काढतात असं नाही. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर दीपा मेहता यांच्या दिग्दर्शनाखालची ‘लैला’ मालिका आली. त्यात ‘आर्यावर्त’ नावाचं राष्ट्र आहे, वस्त्यांमध्ये उंच भिंती आहेत, शुद्धतेचे नियम आहेत, पाणी मोजक्यांनाच मिळतं. एक गट म्हणाला, हा हिंदू धर्माचा अपमान आहे, नेटफ्लिक्स बंद करा. दुसरा गट म्हणाला, व्वा, काय धाडस! दोन्ही गटांनी आपापल्या टाळ्या आणि शिव्या ठरवूनच मालिका लावली होती.

आम्ही तिसरा प्रश्न विचारतो. यात ‘उद्या’ काय आहे? वस्त्यांमधली भिंत, पाण्याला शिवायची बंदी, रक्ताच्या शुद्धतेचा पहारा हे कोणाच्या कल्पनेतलं भविष्य आहे? गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरायला लावणारी पेशवाई आपण कादंबरीत वाचलेली नाही, ती आपल्या वाडवडिलांनी भोगली. महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साल उजाडावं लागलं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबाचं जे झालं, ते कोणत्या पटकथाकारानं लिहिलं होतं? त्याच्या निषेधात अमरावतीत नोव्हेंबर २००६ मध्ये लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. सुखवस्तू माणसाला भयस्वप्न पडतं ते एवढंच, की आजवर दुसऱ्यांच्या वाट्याला आलेलं उद्या माझ्या वाट्याला आलं तर? म्हणून ‘लैला’ पाहून हळहळणाऱ्या सुशिक्षित पुरोगाम्यालाही आम्ही विचारतो, बाबा रे, तुझ्या गावाबाहेरची वस्ती तू कधी पाहिलीस?

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला. थिएटरात पोरं ढसाढसा रडली, घोषणा दिल्या, व्हिडिओ काढले. मार्चमध्ये आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला लागले, कारण मोगलांनी लुटलेला खजिना तिथं पुरला आहे अशी आवई उठली होती. यावर हसू आलं. पण १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल पेटली, एकाचा जीव गेला, आणि हसू थांबलं. ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्या, अशा अर्थाचं विधान मुख्यमंत्र्यांनी स्वतः विधिमंडळात केलं. भावना भडकली हे राज्यकर्त्यालाच मान्य आहे. मग ती भडकवून मतं कोण पिकवतं, हे विचारायला काय हरकत आहे?

संभाजी महाराज आपले नाहीत का? आहेत, आणि म्हणूनच आपला प्रश्न जास्त टोकदार आहे. वढू बुद्रुकची आपली परंपरा सांगते की महाराजांच्या देहाचे तुकडे गोळा करून अंत्यसंस्कार करणारा माणूस गोविंद गोपाळ महार होता. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथं त्यांच्या नावाचा फलक उखडला गेला, समाधीची मोडतोड झाली, आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या माणसांवर दगड पडले. ज्यांना राजाचं बलिदान हवं आहे पण त्याला खांदा देणारा महार नको आहे, त्यांच्या पडद्यापुढे उभं राहून आपण कोणाच्या नावानं घोषणा देतो?

आता बंदीबद्दल. २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर बोर्डानं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ यांसारखे शब्द काढायला सांगितले. चित्रपट २५ एप्रिलवर गेला. नामदेव ढसाळांच्या कवितांचा आधार घेतलेल्या ‘चल हल्ला बोल’ या मराठी चित्रपटालाही सेन्सॉरनं अडवलं, आणि ढसाळ कोण, असा सवाल तिथून आल्याच्या बातम्या महाराष्ट्रानं वाचल्या. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ ४ मार्चला आला आणि ‘द काश्मीर फाइल्स’ ११ मार्चला. एका आठवड्याचं अंतर! दुसरा राज्याराज्यांत करमुक्त होत गेला. आपला का नाही, असा प्रश्न ‘झुंड’च्या निर्मातीला जाहीरपणे विचारावा लागला. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलला या देशाच्या तिजोरीनं टाळी वाजवली नाही. म्हणून सांगतो, बंदी मागू नका. आज तुम्ही एक सिनेमा थांबवा म्हणाल, उद्या त्याच कायद्यानं आपले दहा थांबतील.

या सगळ्यात आपल्या वऱ्हाडाचं काय पणाला लागलं आहे, ते पाहा. अकोल्यात भारिप बहुजन महासंघानं बौद्ध, माळी, धनगर, बंजारा, मुसलमान अशा लहान-मोठ्या समूहांना एकत्र आणून सत्तेत वाटा मिळवला. त्यालाच लोक ‘अकोला पॅटर्न’ म्हणतात. ज्यांची संख्या एकेकटी कमी आहे त्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, एवढाच त्याचा पाया. हा पाया फोडायला बॉम्ब लागत नाही. शेजारच्या मोहल्ल्याबद्दल मनात भीती बसवली की पुरे. पॅटर्नच्या नेतृत्वाशी आपले मतभेद असतील, असावेत. पण भीतीच्या बाजारात बहुजनांची आघाडी उभी राहत नाही, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे.

अमरावतीनंही हे भोगलं. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा १२ नोव्हेंबर २०२१ ला निघाला आणि दगडफेक झाली. १३ तारखेच्या बंदमध्ये दुकानं जळाली, संचारबंदी लागली. जून २०२२ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून एका औषध दुकानदाराचा गळा चिरून खून झाला. तो खून आम्ही निःसंदिग्ध शब्दांत धिक्कारतो. मुसलमान धर्मांधांबद्दल गप्प बसून हिंदू धर्मांधांशी लढता येत नाही. बाबासाहेबांनी कोणत्याच धर्मांधतेला सूट दिली नव्हती.

त्याच अमरावतीत, बरोबर १३ नोव्हेंबरलाच, १९२७ साली इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. विषय होता अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह. थिएटर तेव्हाही भरलं होतं. लोक चिडलेले होते, आणि त्यांच्या चिडीला खरं कारण होतं. पण त्या सभागृहातून बाहेर पडले ते ठराव. कोणाचं दुकान जळालं नाही.

अकोल्याच्या दंगलीत जखमी झालेल्या एका मुलाच्या तक्रारीवर पोलिसांनी गुन्हाच नोंदवला नाही, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला विशेष तपास पथकाचा आदेश द्यावा लागला. अंगावर वर्दी चढवली की धर्म-जातीचे पूर्वग्रह उतरवून ठेवावे लागतात, हे न्यायालयाला पोलिसांना सांगावं लागलं. सिनेमावाल्याचा गल्ला भरला, पुरस्कार मिळाला. आणि गल्लीतली पोरं, हिंदू काय नि मुसलमान काय, तारखांवर हेलपाटे घालतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरावर दंगलीचा गुन्हा लागला की त्याची भरती संपली. स्टेटस ठेवण्याआधी एवढं तरी डोक्यात ठेवा.

खरी भयकथा पाहायची असेल तर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात चला. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत विहिरीचं पाणी खारं, आणि किडनीच्या आजारानं माणसं मरतात. अमरावती विभागात वर्षाला हजाराच्या आसपास शेतकरी आत्महत्या होतात. यावर थिएटरात कोणी उभं राहून घोषणा देतं का?

म्हणून आमचं सांगणं सरळ आहे. सिनेमा पाहा, पण वस्तीत एकत्र बसून पाहा आणि संपल्यावर उठू नका. तीन प्रश्न विचारा. यातला आकडा कुठून आला? यात आपण कुठे आहोत, की नाहीच? आणि पाहून बाहेर पडल्यावर मला कोणाचा राग यावा अशी याची इच्छा आहे? बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार यासाठी काढा. शेजारच्या मोहल्ल्यातल्या चार पोरांनाही बोलवा, ती येतील. ‘फँड्री’ दाखवा, ‘कोर्ट’ दाखवा, ‘झुंड’ दाखवा, आणि ‘छावा’ही दाखवा. सत्यशोधकांनी आणि आंबेडकरी जलसाकारांनी कंदिलाच्या उजेडात जे केलं, ते आपल्याला मोबाइलच्या उजेडात जमू नये?

अकोला आणि अमरावतीच्या कोणत्याही वस्तीत हे सुरू करणार असाल तर कळवा. प्रोजेक्टर आम्ही घेऊन येऊ, चर्चेला माणूसही देऊ. जागा आणि ऐकणारी वीस माणसं तुमची.

जय भीम!