जळालेल्या मोटारींची वही

नरडाण्याच्या फाट्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. 31 वर्षं झाली. महामार्गावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही, कारण पुढे चहाची टपरी आणि पंक्चरवाला आहे. पण तापीच्या अलीकडच्या गावांत ज्याची मोटार जळते त्याला ते बरोबर सापडतं.

गेल्या महिन्यात एका कॉलेजनं मला परीक्षक म्हणून बोलावलं. स्पर्धेचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, मतलब एवढाच की पोरांनी नव्या धंद्याची कल्पना मांडायची. मी आयटीआय झालेला माणूस. बाकीचे दोन परीक्षक टायवाले. सुरुवातीला पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी तासभर भाषण दिलं: स्वप्नं बघा, झपाटून जा, जग बदला. मग पोरं आली. नऊ जणांकडे ॲप होतं. शेतमाल विकण्याचं ॲप, मजूर शोधण्याचं ॲप, ट्रॅक्टर भाड्यानं मिळवण्याचं ॲप. प्रत्येकाला मी विचारलं की बाबा, तुझ्या गावात गेल्या हंगामात ट्रॅक्टर किती दिवस रिकामा उभा होता, तर उत्तर नाही.

दहावी एक मुलगी होती, तिच्याकडे फक्त शंभर पानी वही. तिची आई दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. मुलीनं दोन महिने रोज संध्याकाळी त्या देठांचं वजन केलं होतं. तारीख, मिरचीचा वाण, देठ किती किलो, त्याचं पुढे काय झालं. बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं: पेटवलं. टायवाल्या साहेबांनी विचारलं, "सोल्यूशन काय आहे तुझं?" ती म्हणाली, "अजून नाही." साहेबांनी दहापैकी दोन गुण दिले.

मी नऊ दिले. त्यावरून आमची चहाच्या वेळी जी वादावादी झाली, ती इथे लिहितो आहे.

माझं म्हणणं असं, की नवं काही करणाऱ्या माणसाला पुढे ढकलणारी गोष्ट स्वप्न नसते. स्वप्नं सगळ्यांना पडतात, आमच्या टपरीवर सकाळी सातलाही पडतात. त्याला ढकलतो तो वाया गेलेल्या गोष्टीचा हिशेब. डोळ्यासमोर काहीतरी फुकट जातंय हे अनेकांना दिसतं, ते चुकचुकतात आणि पुढे जातात. पण किती जातंय, हे जो मोजायला लागतो त्याला पुढे जाता येत नाही. आकडा डोक्यात बसला की तो झोपू देत नाही.

हे मला माझ्या वहीनं शिकवलं. मोटार दुकानात आली की मी नाव, एचपी आणि जळण्याचं कारण लिहून ठेवतो. सुरुवातीला हे फक्त उधारीसाठी होतं. शेतकरी येतो, म्हणतो, "मोटार जयी गई, भाऊ." मी उघडतो. तीन फेजपैकी एकाच फेजच्या कॉइल काळ्या पडल्या असतील तर गोष्ट वेगळी, सगळंच भाजलं असेल तर वेगळी, आणि थ्रस्ट बेअरिंगचा चुरा झाला असेल तर समजायचं की विहिरीत पाणी नव्हतं, मोटार कोरडीच फिरली. एका उन्हाळ्यात वही चाळताना दिसलं की कोरडं फिरून जळालेल्या मोटारींचीच रांग लागली आहे, आणि बहुतेक जळाल्या रात्री. कारण साधं. शेतीची वीज रात्री येते, शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून झोपतो. वीज आली की मोटार चालू, खाली पाणी असो नसो.

एका हंगामातलं जळालेलं तांबं मी वजन करून भंगारात दिलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरं तर ते तांबं म्हणजे माझी कमाई. तरी गेलं नाही. मग पाणी संपलं की मोटार बंद करणारी पेटी बनवायला बसलो. अशा पेट्या बाजारात मिळतात हे मला माहीत होतं, पण आमच्या खारट पाण्यात त्यांच्या तारा गंजतात. दोन वर्षं खटाटोप केला. पहिली पेटी ज्या आप्पांच्या विहिरीवर लावली त्यांची मोटार माझ्या पेटीनंच जाळली, रिले चिकटला. ती मोटार फुकट भरून दिली, वर आप्पांच्या घरी जाऊन शिव्या खाल्ल्या. तिसरी पेटी टिकली. त्यातून बंगला झाला नाही, झाला तो एवढा फायदा की वहीतल्या त्या रकान्याची गर्दी कमी झाली.

गरज ही शोधाची जननी असं आपण शाळेपासून घोकतो. मला ते पटत नाही. आमच्या शिंदखेडा तालुक्याला पाण्याची गरज काय आज लागली? आमच्याकडे गरजेतून शोध लागला नाही, घाई लागली. एकानं दोनशे फूट बोअर केला, शेजाऱ्यानं तीनशे, तिसऱ्यानं बायकोचे दागिने मोडून चारशे. मोटार वर काढताना मी 20 फुटी पाईप मोजतो, त्यामुळे पाणी किती खाली गेलं हे मला कागद न बघता कळायचं. गरज माणसाला शेजाऱ्यानं केलं तेच जास्त जोरात करायला लावते.

तापी ओलांडली, सावळद्याचा पूल मागे टाकला की शिरपूर. तिथली गरज आमच्याहून वेगळी नव्हती. वेगळा होता एक माणूस, सुरेश खानापूरकर. भूजलशास्त्रज्ञ. त्यांची नोकरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतली, म्हणजे अशा खात्यातली की ज्याचं कामच ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजून लिहिण्याचं. अशा खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला दुष्काळ म्हणजे भेगाळलेल्या जमिनीचा फोटो वाटत नाही, त्याला तो उतरत्या आकड्यांचा रकाना दिसतो. आणि आणखी एक गोष्ट दिसते, जी आम्हाला दिसत नव्हती: पाऊस पडतो आहे, पण खाली जात नाही.

का जात नाही? तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात वर पिवळ्या चिकणमातीचा जाड थर असतो. त्यातून पाणी झिरपत नाही. पाणी साठवू शकणारी वाळू त्याच्या खाली कोरडी पडून राहते. म्हणजे घागर रिकामी आहे आणि झाकण घट्ट लावलेलं आहे, अन् आम्ही घागरीच्या बुडाला आणखी भोकं पाडत होतो. खानापूरकरांनी 2004 पासून शिरपूर तालुक्यात झाकण उघडायला घेतलं. नाले रुंद आणि खोल केले, पिवळा थर कापून खालच्या वाळूपर्यंत नेले. नाल्यावर ओळीनं सिमेंटचे बंधारे बांधले, त्यांना दारं नाहीत की सांडवा नाही. दार नसलं की ते चोरीला जायचा आणि वेळेवर न टाकल्याचा प्रश्नच नाही. (ज्यानं गावोगावचे कोल्हापुरी बंधारे बिनफळ्यांचे बघितलेत त्याला या वाक्याची किंमत कळेल.) बेसाल्टच्या भागात हिशेब निराळा, तिथे पाणी धरतो तो मुरूम, खाली काळा पाषाण, म्हणून तिथली खोली निराळी. कोरड्या पडलेल्या विहिरींत कालव्याचं जादा पाणीही सोडलं. आमदार अमरीशभाई पटेल यांनी या कामामागे पैसा आणि मशिनं उभी केली. ते नसते तर खानापूरकरांचा हिशेब कागदावरच राहिला असता, हेही तितकंच खरं.

पुढे या 'शिरपूर पॅटर्न'चं जे झालं ते मात्र बोलायला हवं. राज्यभर त्याची नक्कल झाली. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार आलं आणि गावोगाव जेसीबीची घरघर सुरू झाली. खालचा थर कोणता, तो कुठे संपतो, हे न बघता नाले ओरबाडले गेले. भूजलाच्या जाणकारांनी हरकत घेतली की सरसकट खोदलं तर आजूबाजूच्या थरातलं पाणी खड्ड्यात उतरून विहिरी उघड्या पडतील. मला त्यांचं पटतं. नक्कल करणाऱ्यांनी खानापूरकरांचं खोदणं उचललं आणि मोजणं शिरपुरातच ठेवलं.

आमच्या धुळे जिल्ह्याला मोजणाऱ्यांचा शेजार तसा जुना आहे. साक्रीकडे पांझरेच्या काठी फड बागाईत शेकडो वर्षं चालली. एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी ठरलेली, वाटप बघायला पाटकरी. 1884 मध्ये नोकरीला लागलेला तेविशीतला एक म्हैसूरकडचा इंजिनिअर वर्षभराच्या आत धुळ्याला आला आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पाटाचं पाणी पात्राखालून पलीकडे न्यायचा नळाचा सायफन त्यानं बांधला. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ऐन पावसाळ्यात पात्र वाळूनं भरत असताना ते काम त्यानं पुरं केलं. पुढे नीरा कालव्यावर त्यानं ब्लॉक पद्धत आखली, तिच्यात फडाचा वास येतो असं मला नेहमी वाटतं. आणि खडकवासल्याला सांडव्यावरून पुराचं पाणी निघून जाताना बघून, भिंत न वाढवता ते अडवणारी स्वयंचलित दारं त्यानं तयार केली, 1903 मध्ये ती बसली. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की दारं आपली आपण उघडतात, उतरलं की मिटतात. मी मोटारींचा माणूस, मला त्यातली गंमत अशी दिसते की दार उघडायला लागणारी ताकद त्यानं त्या फुकट जाणाऱ्या पाण्याकडूनच घेतली.

चहाच्या वेळी दुसरे टायवाले म्हणाले, हे सगळे सरकारी लोक, पगारी. धंदेवाल्याला ढकलतो तो नफा. मग भवरलाल जैनांचं काय करायचं? जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचा शेतकऱ्याघरचा मुलगा, सरकारी नोकरीची वाट सोडून 1963 मध्ये घरच्या 7,000 रुपयांवर रॉकेल विकायला लागला. नफा हवा होता, प्रश्नच नाही. पण 1978 मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला, तेव्हा तिथे नफा नव्हता, गंजणारी यंत्रं होती. त्याच यंत्रांवर कच्च्या पपईच्या चिकापासून पेपेन काढायचं ठरवणं हे नुसत्या नफ्याच्या भुकेनं सुचत नाही. त्याला आधी उभं राहून विचारावं लागतं, की इतकं सगळं पडून आहे, यातलं चालेल काय काय? पुढे पाईप आले, ठिबक आलं. ठिबकची गोष्टही गळतीतूनच सुरू होते. इस्रायलच्या सिम्चा ब्लास यांनी गळक्या नळाशेजारचं एक झाड बाकीच्यांपेक्षा थोराड झालेलं बघितलं, असं सांगतात. जैनांची कंपनी नंतर कर्जात रुतली, 2019 ला मोठा फटका बसला, तेही विसरायचं कारण नाही. वाढण्याच्या नादातही मोजणं सुटतं.

व्यापाऱ्याचा नफा म्हणजे तरी काय? दुसऱ्यानं टाकून दिलेल्याचा भाव ज्याला आधी कळला त्याची कमाई.

आता नरडाण्याला एमआयडीसी आहे. मनमाड-इंदूर रेल्वेला 2024 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, 309 किलोमीटर, ती आमच्या दारावरून जाणार. तापीचं पुराचं पाणी उचलून सोनगीरजवळ जामफळला न्यायच्या योजनेची पायाभरणी 2019 मध्ये झाली, आम्ही वाट बघतो आहोत. या सगळ्याबरोबर उद्योजकता शिबिरं येणार, भाषणं येणार. माझं कॉलेजवाल्यांना एवढंच मागणं आहे, की पोरांना सभागृहात बसवून झपाटून जायला सांगू नका. एक हंगाम जिनिंगमध्ये बसवा, पथारीवर बसवा, माझ्या दुकानात बसवा. काय जळतं, काय सांडतं, काय पेटवून देतात, ते वजन करून लिहायला लावा. आणि स्पर्धेत उपाय नसलेल्या वहीलाही बक्षीस ठेवा. खानापूरकरांकडे नोकरीची वर्षानुवर्षं वहीच होती, त्या काळात त्यांनाही कोणी दोनच गुण दिले असते.

यावर एक हरकत मलाच टोचते. मोजून मोजून माणूस नुसता कुढतही बसू शकतो. असे मी बघितलेत, सगळ्या नुकसानीचे आकडे तोंडपाठ आणि हात मांडीवर. आकड्यानं बेचैन झालेल्या माणसाला पहिली चूक करायला कुणीतरी जागा द्यावी लागते. मला ती शिव्या देणाऱ्या आप्पांनी दिली, कारण शिव्या देऊन झाल्यावर दुसरी पेटीही त्यांनी स्वतःच्याच विहिरीवर लावू दिली.

बक्षीस अर्थात ट्रॅक्टरच्या ॲपला गेलं. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी एसटीची वाट बघत गेटजवळ उभी होती. मी विचारलं, "पुढे काय करणार गं? देठांचं खत, की त्यातून काही निघतं का बघणार?"

ती म्हणाली, "काका, आता नवा माल येईल. ओल्या मिरचीचं देठ जड भरतं. त्याचं वजन अजून राह्यलंय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्याकडे जुना वजनकाटा असेल का? आमच्या शेजारणीचा आहे तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो."

तांबं तोलायचा होता एक. दिला.