आठ जणांत एकटी चुन-ली

बायकांच्या अंकात व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असे काही मैत्रिणी विचारतील. पण जगभरच्या मुलग्यांची एक पिढी ज्या खेळावर वाढली त्यात बाई कशी दाखवली होती, हे आपण नाही तपासायचे तर कोणी? मी बोलते आहे ती ‘स्ट्रीट फायटर टू’बद्दल. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर आणला. २०१८ मध्ये निघालेल्या जुन्या खेळांच्या संचात तो आहे. गेल्या महिन्यात रात्री जागून मी तो खेळले.

खेळ समोरासमोरच्या मारामारीचा. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. सहा बटणे, तीन ठोशांची, तीन लाथांची. निवडायला आठ लढवय्ये, त्यांतले सात पुरुष. १९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये लढणारी बाई एकही नव्हती. याच कंपनीच्या १९८९ च्या ‘फायनल फाइट’मध्ये महापौराच्या मुलीला गुंड पळवून नेतात, तिचे काम सोडवले जाण्यापुरते. त्या मानाने चुन-लीची मजल मोठीच. ती इंटरपोलची अधिकारी आहे, बापाच्या खुनाचा जाब विचारायला निघालेली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पडद्यावर वरच्या बाजूला दिसणारी ताकदीची पट्टी. मार बसला की ती कमी होते, संपली की हरलात. खेळ घडवणाऱ्यांनी पुढे सांगितले आहे की चुन-लीची पट्टी इतरांपेक्षा आखूड ठेवावी, बायका तेवढ्या बळकट नसतात, असे त्यांच्यातल्या एकाचे म्हणणे होते. दुसऱ्याला ते पटले नाही. पट्टी सारखीच राहिली. सल्ला केंद्रात बसून हा आखूड पट्टीचा युक्तिवाद मी रोज ऐकते. मजुरी कमी का, तर तिला झेपत नाही. वाटणीत बहिणीचे नाव का नाही, तर तिला जमिनीतले काय कळते. आणि गंमत पाहा, पट्टी सारखी ठेवली म्हणून चुन-ली काही पुरुषासारखी लढत नाही. रशियन पहिलवान झांगीफसारखी ती धरून आपटत नाही. ती चपळ आहे, पडद्याच्या कडेवर पाय देऊन उलटी झेप घेते, लाथांचा पाऊस पाडते. समता म्हणजे एकसारखेपणा नव्हे, हे आपण शिबिरात तासभर समजावतो!

खटकतो तो शेवट. र्‍यू बक्षीस समारंभालाही न थांबता पुढच्या लढाईकडे चालू लागतो. केन लग्न करतो. गाइलला बायको-मुलगी येऊन सूडापासून परावृत्त करतात. चुन-ली बापाचा सूड घेते आणि पोशाख बदलून पुन्हा साधी तरुण मुलगी व्हायला निघते. जणू पराक्रम ही आजारपणाची रजा होती. १९९३ च्या सुधारित आवृत्तीत पोलीस राहायचे की साधी मुलगी व्हायचे, असा पर्याय आला. तोही तिला नाही, खेळणाऱ्याला. र्‍यूच्या बाबतीत हा प्रश्नच कोणाला पडला नाही.

आपल्या देशाचा धालसिमही या आठांत आहे, गळ्यात कवट्यांची माळ घातलेला योगी. त्याच्याबद्दल न बोललेलेच बरे.

एक नाव मात्र घ्यायलाच हवे. या खेळाचे बहुतेक संगीत योको शिमोमुरा हिचे, तेव्हा पंचविशीही न गाठलेली. चुन-लीची धून गुणगुणणाऱ्या कित्येकांना ती एका मुलीने रचली हे ठाऊक नसते.

आता आक्षेप हिंसेचा. मारामारीचा खेळ आपण का उचलून धरायचा? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी अंगावर येणारा हात अडवायलाही हात उचललेला नसतो. तो उचलता येतो, हे त्यांना कोणी कधी दाखवलेच नाही. चुन-ली जिंकल्यावर लहान मुलीसारखी उड्या मारत हसते. काहींना तो बालिशपणा वाटतो. मला त्यात जिंकल्याची लाज नसलेली बाई दिसते.

आमच्या गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये मुली पाऊल टाकत नसत. बंदीची पाटी नव्हती, पण दारात उभ्या पोरांच्या नजरा पाटीचे काम करत. तेव्हा पुढच्या बैठकीला मी लॅपटॉप आणणार आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी आधी दोन फेऱ्या खेळाव्यात, मग भांडू.