दोन बोटं जास्त

आमच्या तळकोकणात जुन्या पारधीच्या गोष्टी सांगणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या गोष्टीत ठासणीची बंदूक कधी चुकत नाही. नळी बारीक, समोर सांबर, तरी म्हणे, "दोन बोटां जास्ती ठास, सांबर आडवा पडतला!" ही थाप आहे, आणि मुक्या जनावराच्या जिवावर मारलेली थाप आहे.

हिशेब साधा आहे. 0.36 इंचाच्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी भरते जेमतेम 4 ग्रॅम. 0.50 इंचाच्या नळीची जाते 11 ग्रॅमच्या वर. नळी थोडी रुंदावली की शिसं जवळजवळ तिप्पट. हे कमी पडलेलं शिसं दारू कुठून भरून काढणार? काळी दारू नळीत जळेल तेवढीच कामाची. उरलेली जाळ आणि धूर होऊन तोंडातून जाते. वेग वाढला तरी थोडाच, आणि हलकी गोळी तो हवेतच गमावते. 20-25 किलोच्या भेकराला, जवळून, बरगडीत नेमकी बसली तर ती पुरेल. सांबराचा नर 200 किलोच्या वर. त्याच्या खांद्याच्या हाडाला ती काय करणार?

मग कोणी छर्रे भरायचे. "एक नाय तर दुसरो लागतलो." लागायचेच, पण काळजापर्यंत एकही पोचायचा नाही. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत जायचा, अंधार पडायचा, हाकारे घरी परतायचे. चार दिवसांनी रानावर गिधाडं घिरट्या घालू लागली की कळायचं. गोष्टीत हा भाग कोणी सांगत नाही.

ज्यांच्यासाठी मी हाकाऱ्याला गेलो, त्यांत खरा जाणता एकच. बारीक नळीत तो मापाचीच दारू घाली. चिंधीतली एकच गोळी गजाने थेट दारूला टेकवी, कारण मधे पोकळी राहिली तर नळी फाटते. आणि सांबर आलं तर बंदूक खाली ठेवी. लोक त्याला भित्रा म्हणत. पण त्याने टिपलेलं जनावर आम्हांला कधी दुसऱ्या दिवशी शोधावं लागलं नाही.

1972च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला, 1991च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बुजवली. "परंपरा गेली" म्हणून आता गळे काढतात. गेली ती बरी गेली. नातवंडांना गोष्टी सांगायच्याच तर त्या बंदूक खाली ठेवणाऱ्याची सांगा. आणि पडलेली सांबरं मोजताना जखमा घेऊन पळालेलीही मोजा.